दहावी ‘ड’चा शंभर टक्के निकाल

“हे अकरा,” आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावरून आबेदाबाईंकडे सरकवला. “पंधरा ऑगस्टच्या आत यांच्या पालकांना बोलावून घ्या. नीट समजावून सांगा. ऑफिसातला रामकिसन अर्ज लिहून ठेवील, त्यांनी फक्त सही करायची.”

आबेदाबाईंनी चष्मा लावला. कागदावर त्यांच्याच वर्गातली, दहावी ‘ड’मधली अकरा नावं होती. प्रत्येक नावापुढे नववीचे गुण, आणि गणित-इंग्रजीच्या आकड्यांखाली लाल रेघ.

“कसला अर्ज, सर?”

“दाखल्याचा. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायचा, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आणि बाहेरून परीक्षेला बसायचं. पोरांचंही वर्ष वाया जात नाही, आपलाही निकाल बिघडत नाही.”

“आज जुलैची बावीस तारीख आहे. परीक्षा मार्चमध्ये. ही मुलं नापास होणार हे आत्ताच कसं ठरवलं?”

“बाई, शितावरून भाताची परीक्षा होते.”

“शीत कच्चं लागलं म्हणून कुणी भात फेकून देत नाही, सर. अजून थोडा वेळ चुलीवर ठेवतात.”

आप्पासाहेब हसले नाहीत. ते वाईट मुख्याध्यापक नव्हते. शाळेची गळकी कौलं त्यांनी स्वतः उभं राहून शाकारून घेतली होती. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“मागच्या साली निकाल एकोणसाठ टक्के. संस्थेच्या बैठकीत मला सगळ्यांसमोर उभं केलं. औंदा असाच लागला तर पुढच्या जूनला आठवीत पोरं येणार नाहीत. पोरं आली नाहीत की तुकडी तुटली. तुकडी तुटली की एक शिक्षक जादा. आपल्यात सगळ्यात नवा कोण? हबीब. त्याच्या घरी परवाच जुळी झालीत. तुम्ही जाऊन सांगता त्याला?”

गणिताचे हबीबसर त्याच वेळी बाहेरच्या ओट्यावर उभे राहून खडू निवडत होते. आबेदाबाईंनी कागदाची घडी करून ती पर्समध्ये ठेवली.

“मी पालकांना बोलावणार नाही,” त्या उठताना म्हणाल्या. “शिकवून बघते.”

“शिकवा की. शिकवू नका कोण म्हणतं? पण पंधरा ऑगस्ट.”

शहागंजच्या मागच्या गल्लीतली ती मराठी शाळा. आबेदाबाई तिथे एकवीस वर्षं मराठी शिकवत होत्या. नव्या पालकांना त्यांचं नाव ऐकून थोडं नवल वाटे, मग वाटेनासं होई. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या, उर्दू शाळेत दुसरीत. दोन-तीन वर्षांत वडिलांनी वारा ओळखला आणि पोरीला मराठी शाळेत नेऊन बसवलं. तिथे पहिल्याच दिवशी ती “मी आला” म्हणाली आणि अख्खा वर्ग खिदळला. गुरुजींनी तिला शेवटच्या रांगेत पाठवलं. ती मॅट्रिकच्या आदल्या वर्षापर्यंत तिथेच राहिली. तिला कुणी हात धरून शिकवलं नाही. शहागंजातल्या दुकानांवरच्या नव्या मराठी पाट्या वाचत, भाजीवालीशी मुद्दाम जास्त बोलत ती शिकली. पुढे बी. ए.ला मराठीत विद्यापीठात पाचवी आली. पण अजूनही भर वर्गात एखादा शब्द उच्चारण्याआधी त्यांची जीभ अर्धा क्षण थबकायची. हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेच्या खोलीत त्यांनी त्या अकरा जणांचा तास सुरू केला. यादीबद्दल मुलांना काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, “तुम्हाला जादा तासाला का बोलावलं असेल?”

फकिरा नावाचा उंच मुलगा सहज म्हणाला, “आम्ही ढ हाये म्हणून.”

त्याच्या आवाजात दुःख नव्हतं की लाज नव्हती. आपलं गाव कोणतं ते सांगावं तसं त्याने सांगितलं. बाकीच्यांनी माना हलवल्या. आबेदाबाईंना त्या हलणाऱ्या मानांचाच जास्त राग आला. कुणावर आला ते मात्र कळेना. आठवीत आल्याबरोबर या मुलांना गुणांप्रमाणे चाळून ‘ड’मध्ये ओतलं होतं, आणि तेव्हापासून वर्गात येणारा प्रत्येक जण त्यांना तेच सांगत आला होता. काहींनी शब्दांनी सांगितलं, काहींनी नुसतं वही न तपासता परत देऊन. त्या स्वतः? त्यांनीही कितीदा “हे तुम्हाला नाही जमायचं, पुढचं घ्या” म्हटलं होतं.

आठवडाभर त्या घसा कोरडा होईस्तोवर बोलल्या. शाबास म्हटलं की फकिरा मागे वळून पाही, आपल्या पाठीशी कोण उभं आहे ते. एका मुलीला उत्तर येत असे, पण विचारलं की ती पुसून टाकी. घरी नवरा मजीद म्हणाला, “काए को सर पे लेती आबेदा? इस्कूल तेरे बाप का है क्या?” त्याचं शहागंजात कापडाच्या तुकड्यांचं दुकान होतं. जे कापड खपत नाही त्याच्यावर जीव लावू नये, हा त्याचा धंद्याचा नियम.

मग निबंध आला.

सगळ्या वर्गाला त्यांनी ‘माझा प्रवास’ हा विषय दिला होता. एकावन्न वह्यांपैकी सदतीस वह्यांत तोच महाबळेश्वर होता, तेच धुकं, तोच सूर्यास्त, गाइडच्या बावन्नाव्या पानावरून उतरवलेला. बाई चहाचा कप बाजूला ठेवून लाल पेन ओढत होत्या. चतुराबाई बन्सी म्हस्के या नावाची वही उघडली आणि पेन थांबलं.

चतुरा चितेगावहून यायची. तिचं नाव त्या अकरांत सातवं होतं. वर्गात तिला “नावाची चतुरा” म्हणत आणि ती ते ऐकून घेई. तिने लिहिलं होतं:

‘आमच्या फाट्यावर यष्टी थांबत नाय. डायवर लांबून पाहातो. पासवाल्या पोरी उभ्या असल्या का त्याला आम्ही दिसतच नाय. म्हणून आम्ही दगडाबाईला पुढं उभं करतो. ती म्हातारी हाय, भाजी घेऊन जाती, तिकीट काढती. ती पाय वर ठेवंस्तोर आम्ही सहाजणी चढून घेतो. एक दिवशी दगडाबाई आजारी पडली. त्या दिवशी चाचणी व्हती. मंग मी आईचं लुगडं नेसले, डोक्यावर टोपली घेतली आन् वाकून उभी राहिले. गाडी थांबली. कंडक्टर म्हणला, चल आज्जी लवकर. मी म्हणलं, आज्जी नाय, दहावी ड. तो हसला नाय. पण त्यानं मला खाली उतरवलं बी नाय.’

आबेदाबाईंनी ते दोनदा वाचलं. मग खाली दहापैकी नऊ गुण लिहिले. वर्षानुवर्षं त्या ज्याची वाट पाहत होत्या ते हे होतं. एका मुलीने तिला स्वतःला दिसलेलं, तिच्या स्वतःच्या तोंडच्या शब्दांत लिहिलं होतं. इतकं चांगलं लिहिलेलं ऐकून कुणी हसूच शकणार नाही, असं त्यांना वाटलं. तिथेच त्यांचं चुकलं.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात त्यांनी ती वही उघडली. “हा निबंध ऐका,” म्हणाल्या, “वर्गातला सगळ्यात चांगला निबंध आहे. चतुराने लिहिलाय.” आणि वाचायला लागल्या, जसा लिहिला होता तसा, ‘नाय’ला ‘नाय’ आणि ‘आन्’ला ‘आन्’ ठेवून.

सुरुवातीला वर्ग गोष्टीला हसला. तसं हसणं त्यांना हवंच होतं. म्हातारीला पुढे उभं करतात तिथे फकिराने बाकावर थापसुद्धा मारली. पण लुगड्यापाशी हसण्याचा रंग बदलला. मागच्या बाकावरून कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं, “चल आज्जी लवकर!” दुसऱ्याने पुढं जोडलं, “आज्जी, तिकीट!” मुली ओढणीत तोंड खुपसून हसायला लागल्या. वाचायच्या भरात आबेदाबाईंना दोन्ही हसण्यांतला फरक कळला नाही. शेवटचं वाक्य वाचून त्यांनी अभिमानाने वर पाहिलं, तेव्हा चतुरा बाकावर कपाळ टेकून बसली होती. तिचे कान लालभडक झाले होते.

“गप्प बसा!” त्या ओरडल्या. वर्ग गप्प बसला. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मधल्या सुट्टीत ‘क’ तुकडीची मुलंसुद्धा खिडकीत येऊन “दहावी ड आज्जी कोणती?” असं विचारून गेली.

त्या संध्याकाळी चतुरा जादा तासाला थांबली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

इकडे आप्पासाहेबांनी बाईंची वाट पाहिली नव्हती. लिपिक रामकिसनने परस्पर पोस्टकार्डं टाकून पालक बोलावले होते. आबेदाबाई वर्गात शिकवत असताना ऑफिसात एकेक जण येऊन जात होता. अर्ज सगळे एकाच हस्ताक्षरात, रामकिसनच्या, वळणदार: ‘घरगुती अडचणीमुळे माझ्या पाल्यास शाळेत ठेवणे शक्य नाही.’ खाली कुणाची सही, कुणाचा अंगठा. अकरांतले सहा गेले तेव्हा बाईंना पत्ता लागला, तोही फकिरा दप्तराशिवाय निरोप घ्यायला आला म्हणून.

“तू कशाला तयार झालास?” त्यांनी विचारलं. आवाज चढलाच.

“म्या कुठं? बापू झाले.” मग तोच त्यांना समजावायला लागला. “जाऊ द्या बाई. बरंच झालं. शाळंचं नाव खराब व्हनार नाय.”

ऐकून त्यांना वाटलं, कुणाचे तरी खांदे धरून गदागदा हलवावेत. पण समोर हा सोळा वर्षांचा मुलगा उभा होता, आणि तो शाळेचं भलं चिंतत होता.

रविवारी आबेदाबाई पैठण रस्त्याने चितेगावला गेल्या. कारखान्याच्या कुंपणाला लागून पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. चतुराचा बाप बन्सी त्या कारखान्यात माल चढवायच्या कामावर होता. बाईंना पाहून तो गडबडला. घरात एकच लोखंडी खुर्ची होती, ती त्याने टॉवेलने दोनदा पुसली.

“तुम्ही कामून आले बाई एवढ्या लांब? आम्ही कालच तर येऊन गेलो शाळंत.”

“कालच?”

“व्हय. हेडसरांनी बोलावलं व्हतं. अर्जावर सही केली.” तो किंचित ताठ झाला. “अंगठा नाय. सही येती मला.”

“वाचलात का त्यात काय लिहिलंय ते?”

“त्यांनीच वाचून दावलं. म्हणले, पोरगी शाळेतून नापास झाली तर कायमचा डाग. बाहेरून बसली तर कुणाला कळत बी नाय.” बन्सीने खाली पाहिलं. “बाई, त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. चहा पाजला. एवढा मोठा माणूस सोताच्या हातानं कप पुढं करतो, त्याला मी नाय कसं म्हणू?”

आबेदाबाईंना प्रश्न पडला. याला रागवावं तर कशाबद्दल? उभ्या आयुष्यात ऑफिसातल्या खुर्चीवर बसवणारा पहिला माणूस त्याला भेटला होता.

आतून चतुराची आई द्वारकाबाई पाणी घेऊन आली. “ती शाळंचं नावच काढू देईना,” ती हळूच म्हणाली. “काय झालं म्हणून इचारलं तर माझ्या लुगड्याकडं पाहून रडती. मला काय समजंना बाई.”

चतुरा आतल्या दारात उभी होती. बाईंनी हाक मारली तरी पुढे आली नाही.

“चतुरा, अर्ज मागे घेता येईल. बाबांनी उद्या येऊन सांगितलं तर घेता येईल. तू नापास होशील असं मला वाटत नाही.”

“मला वाटतं.”

“ज्या मुलीने तसा निबंध लिहिला ती...”

“तुम्ही मला इचारलं नाय.” चतुरा एकदम म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा बाईंनी कधीच ऐकला नव्हता. “मी ते तुम्हाला लिव्हलं व्हतं. तुम्ही वाचणार म्हणून. वर्गाला नाय. मला इचारलं असतं तर मी नाय म्हणले असते.”

“ए, बाईशी कशी बोलती!” बन्सी ओरडला.

“बोलू द्या तिला,” आबेदाबाई म्हणाल्या. हातातला पेला त्यांनी खाली ठेवला. त्यांना खूप काही सांगायचं होतं. आपला हेतू, आपला आनंद, आपली चौथीतली शेवटची रांग. यातलं काहीही आत्ता सांगणं म्हणजे पुन्हा स्वतःचंच सांगणं होतं.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या.

चतुराने जरा वेळ विचार केला. मग म्हणाली, “हितं घरात म्हणून काय उपेग? हसले ते तिकडं.”

सोमवारी बन्सी अर्धा दिवस बुडवून मुलीला घेऊन आला. आबेदाबाई त्याला घेऊन ऑफिसात गेल्या. आप्पासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि रामकिसनला रजिस्टर आणायला सांगितलं. दाखला शनिवारीच फाडला होता. जावक क्रमांक पडला होता.

“एकदा नाव कमी झालं की झालं, बाई. परत दाखल करायचं म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी. त्यांना कारण काय देऊ? की बापाचं मन शनिवारी एक होतं, सोमवारी दुसरं?”

“कारण मी देते. अर्ज तुम्ही लिहून घेतला.”

“सही कुणाची आहे?” आप्पासाहेबांनी बन्सीकडे पाहिलं. “सही तुमचीच ना, म्हस्के?”

बन्सी हात जोडून उभा होता. “व्हय साहेब. माझीच हाय.” आणि मग बाईंकडे वळून, विनवल्यासारखं, “जाऊ द्या बाई. साहेबाला कामून तकलीफ?”

आबेदाबाई ऑफिसातून बाहेर आल्या. चतुरा व्हरांड्यात खांबाशी उभी होती, युनिफॉर्म घालून. द्वारकाबाईने त्याला इस्त्री केलेली दिसत होती. बाईंनी तिला काही सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, “वर्गात चल. दोन मिनिटं. येशील? नाही म्हणालीस तरी चालेल.”

चतुराने खांब सोडला.

वर्गात हबीबसरांचा गणिताचा तास चालू होता. त्यांची परवानगी घेऊन बाई फळ्यापुढे उभ्या राहिल्या. चतुरा दारातच थांबली.

“मागच्या बुधवारी मी चतुराचा निबंध तुम्हाला वाचून दाखवला,” आबेदाबाई म्हणाल्या. “तिला न विचारता. तो निबंध तिचा होता, माझा नव्हता. तुम्ही हसलात ते वाईट, पण दार मी उघडून दिलं. मी तिची माफी मागते.” त्या दाराकडे वळल्या. “चतुरा, मला माफ कर.”

शिक्षकाने असं बोलायचं असतं हे वर्गाला ठाऊक नव्हतं. कुणी हसलं नाही. कुणी रडलंही नाही. मागच्या बाकावरचा मुलगा नख कुरतडत राहिला. हबीबसर खडूकडे पाहत होते. चतुराने एकदा सगळ्या वर्गावरून नजर फिरवली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, प्रत्येकावर थोडी थांबवत. मग “येते बाई” म्हणून बापाबरोबर निघून गेली. तिचं नाव हजेरीतून कमी झालेलंच होतं.

आबेदाबाईंनी शिक्षणाधिकाऱ्यांना चार पानी पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की पालकांच्या लेखी अर्जानुसार कार्यवाही झाली असल्याने हस्तक्षेपास वाव नाही. आप्पासाहेबांनी त्यांच्याशी बोलणं तोडलं नाही, पण दिवाळीनंतर त्यांच्याकडे दोन जास्तीचे तास आले. पंधरा ऑगस्टपर्यंत उरलेल्यांचेही अर्ज होऊन गेले होते. वर्गशिक्षिकेने अकरा नावांवर लाल शाईने रेघ मारायची होती, ती त्यांनी मारली नाही. ती रामकिसनने मारली, फूटपट्टी लावून.

जूनमध्ये निकाल लागला. दहावी ‘ड’चे चाळीस बसले, चाळीस पास झाले. शाळेच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडत होतं. संस्थेने सत्काराचा कार्यक्रम ठेवला. माईकवरून “शंभर टक्के निकाल देणाऱ्या आदर्श वर्गशिक्षिका” असं नाव पुकारलं गेलं. आबेदाबाईंनी ठरवलं होतं की शाल घ्यायची नाही. माईकपाशी जायचं आणि एकच वाक्य बोलायचं: माझ्या वर्गात एकावन्न मुलं होती. पण म्हातारे अध्यक्ष थरथरत्या हाताने शाल उलगडून उभे होते, ती खांद्यावर आलीच. हातात नारळ आला. फोटो निघाला. त्या माईककडे वळल्या तोवर रामकिसनने आभारप्रदर्शन सुरू केलं होतं, आणि त्यात त्यांचं नाव दोनदा आलं. टाळ्या वाजल्या. सर्वांत जोरात हबीबसरांनी वाजवल्या. आपल्या दोन लेकरांना ते मुद्दाम घेऊन आले होते.

घरी आल्यावर शाल त्यांनी मजीदच्या अंगावर फेकली. “हे घे. कापड आहे. वीक कुठंतरी.”

मजीदने शाल बोटांत धरून पाहिली. “मिलावट का माल है,” तो म्हणाला, आणि मग बायकोचा चेहरा पाहून त्याने ती घडी करून कपाटात ठेवली.

त्या अकरांचा हिशेब कुणी विचारला नाही, त्यांनीच फिरून गोळा केला. चौघांनी फॉर्मच भरला नाही. फकिरा सोयगावला मामाकडे कापसाच्या जिनिंगवर लागला, एका मुलीचं लग्न झालं, दोघांचा पत्ताच लागला नाही. सात जण बसले. चार पास झाले. चतुरा नापास झाली. मराठीत तिला एकाहत्तर होते, ‘ड’च्या चाळीसांतल्या कुणालाही नव्हते इतके. गणितात ती नऊ गुणांनी गेली.

गुणपत्रिका घेऊन ती एका दुपारी बाईंच्या घरी आली. रडली नाही. म्हणाली, “ऑक्टोबरला पुन्यांदा बसते. तुम्ही गणित शिकवता?”

“मला गणित येत नाही गं. मी हबीबसरांना सांगते.”

हबीबसर दोन रविवार आले. मग त्यांच्या शिकवण्या वाढल्या आणि त्यांनी निरोप धाडला. आबेदाबाईंना इतका संताप आला की बाजारात जाऊन त्यांनी नववी-दहावीची दोन्ही बीजगणितं विकत आणली, आणि पन्नाशीला आलेल्या त्या बाई पहिल्या पानापासून बसल्या. रात्रीचं जेवण करपलं तर मजीद स्वतः वाढून घेई. रविवारी चतुरा येई तेव्हा बाई तिच्यापेक्षा एखादाच धडा पुढे असत. कधी कधी तेवढ्याही नसत.

सप्टेंबरच्या एका रविवारी दोघी चटईवर बसल्या होत्या. दारापलीकडे कुणी तरी गाडीवर सीताफळं विकत होतं. बाई मोठ्याने बोलत गणित सोडवत होत्या. सातातून कंस वजा, कंसात तीन क्ष वजा पाच. म्हणून सात वजा तीन क्ष, वजा पाच...

“थांबा,” चतुरा म्हणाली. “हितं चुकलं तुमचं.”

“कुठे?”

“कंसाबाहेर वजा हाय. कंस सोडला का आतलं चिन्ह बदलतं. पाचाला अधिक येतं.”

आबेदाबाईंनी चष्मा वर करून पाहिलं. पुस्तकातलं उदाहरण काढून पाहिलं. दोनदा ताडून पाहिलं. पोरीचं बरोबर होतं.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “मग तूच सोडव.”

चतुराने त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली. बाईंची ओळ एका रेघेत खोडली आणि खाली, पानाच्या मधोमध, ठसठशीत अक्षरात पहिल्यापासून मांडायला लागली.